वहीवाली आणि चौदा पोटं

वृद्धाश्रमाच्या पहिल्या मजल्यावर सकाळी साडेसहाला जी बाई येते, तिच्या हातात आधी वही असते. पाण्याचा जग, टॉवेलांची चळत, हातमोज्यांचं खोकं हे सगळं नंतर. वही लांबट, जाड पुठ्ठ्याची, आणि तिच्यात त्या मजल्यावरच्या चौदा माणसांची पोटं आहेत. कोणाचं काल साफ झालं, कोणाचं परवा, कोण तीन दिवस तसंच कुंथत बसलंय, आणि कोणी नुसतं "हो हो, झालं" म्हणून थाप मारली. आता नाक मुरडू नका. म्हातारपणी निम्मी सुखदुःखं पोटातच असतात, आणि ज्यांचं अजून रोजच्या रोज सुरळीत चाललंय त्यांनाच हा विषय घाण वाटतो. त्या बाईला सगळे वहीवाली म्हणतात. तोंडावर मावशी, पाठीमागे वहीवाली. खरं नाव हजेरीपटावर असेल कुठेतरी.

ही वही ठेवायला तिला कोणी सांगितलं नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी ती इथे मदतनीस म्हणून लागली, तेव्हा तिला माणसाखालची चादर माणसाला न उठवता बदलता येत होती, बस एवढंच. दुसऱ्याच वर्षी एका आजींचं पोट दुखायला लागलं. सकाळपाळीला वाटलं दुपारपाळीला माहीत असेल, दुपारपाळीला वाटलं रात्रपाळीने विचारलं असेल, आणि रात्रपाळीला वाटलं की एवढी माणसं आहेत तर कोणीतरी बघितलंच असणार. आजींना आठ दिवस झालं नव्हतं. मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं. तीन आठवड्यांनी परत आल्या, पण पूर्वीसारख्या चालल्या नाहीत. कोणी कोणाला दोष दिला नाही, कारण द्यायचा म्हटला तर तो सगळ्यांच्याच डोक्यावर बसत होता. वहीवाली मात्र त्या संध्याकाळी घरी जाताना एक वही घेऊन गेली आणि सकाळी येताना प्रत्येकाच्या नावाचं पान आखून आली. बाकीच्या मदतनीस खूप हसल्या. लोक आठवणी लिहितात, ही बघा काय लिहितेय, असं त्यांचं चाललं होतं. वर्षभरात हसणं थांबलं. पुढे पुढे तर डॉक्टर खोलीत शिरायच्या आधी वही मागायला लागले.

विचारायचीही तिची एक रीत होती. "झालं का?" असं ती कोणालाच तोंडावर विचारत नसे. माणूस जन्मभर ज्या कामात मुरला, त्या कामाच्या बोलीत विचारायचं. निवृत्त स्टेशनमास्तरांना ती गाडी सुटली का असं विचारी, आणि ते गंभीर चेहऱ्याने किती तास लेट आहे ते सांगत. कचेरीत पस्तीस वर्षं टाइप केलेल्या आजींना पत्र गेलं का म्हणून विचारायचं. त्या कधी म्हणत गेलं, कधी म्हणत अर्धंच गेलं, मजकूर अजून शिल्लक आहे. अशाने लाजही राहत होती आणि खरंही कळत होतं. वहीवालीला या वहीचा अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे. माझ्या वहीत खोटी रेघ नाही, असं ती नव्या मदतनिसांना पहिल्याच दिवशी सुनावत असे.

एका माणसापुढे मात्र तिची सगळी बोली फिकी पडायची. ते म्हणजे खिडकीजवळच्या पलंगावरचे शिंपीकाका. साठ वर्षं कोट शिवलेला माणूस. शर्टाचं वरचं बटण लावल्याशिवाय कोणासमोर यायचे नाहीत, नर्सने ब्लँकेट टाकलं तरी त्याच्या कडा स्वतः सारख्या करायचे. विषय निघाला की ते भिंतीकडे तोंड करत. माप, कापड, शिलाई, कुठल्याही वाटेने गेलं तरी उत्तर नाही. त्यांच्या पानावर वहीवाली स्वतः पाहिलेलंच लिहायची.

गेले तीन महिने काकांचं पोट मधूनमधून अडायला लागलं होतं. तपासण्या झाल्या, आत काही वाईट नव्हतं. वय, बसून राहणं, दुसऱ्या औषधांचे परिणाम, असं निदान निघालं. मग जोराचं रेचक दिलं, तर एका दुपारी त्यांना न्हाणीघरापर्यंत पोचता आलं नाही. चादर वहीवालीनेच बदलली आणि एक शब्द काढला नाही, पण काका दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. त्यानंतर रेचक घ्यायला ते नकार द्यायला लागले, आणि नकार दिला की गुरुवारी एनिमा. ज्यांचं चार दिवस झालेलं नाही त्यांचा तो वार ठरलेला होता. काकांनी यावर आपल्यापुरता तोडगा काढला. खाल्लंच नाही तर जायलाच लागणार नाही. आधी रात्रीचं सूप परत गेलं, मग दुपारचे बटाटे. वजनाचा काटा दर पंधरवड्याला खाली चालला होता. खाऊन-पिऊन जगायचं ते वय, आणि हा माणूस लाजेपायी उपाशी मरायला निघाला होता. वहीवालीच्या जिवाला ते फार लागलं.

अशात नवी डॉक्टरीण आली. वयाने वहीवालीच्या मुलाएवढी, चालायची भरभर आणि बोलायची त्याहून भरभर. तिने आल्या आल्या वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, हे वहीवालीला आवडलं. मग तिने सगळ्यांना बसवून सांगितलं की प्रोबायोटिकची पुडी सुरू करून बघू. आपल्या आतड्यात चांगले जंतू असतात, ते पचनाला आणि पोट साफ व्हायला मदत करतात, म्हातारपणी आणि औषधांनी ते कमी होतात, तर ते बाहेरून थोडे पाठवायचे. ही जादू नाही, कोणाला लागू पडेल, कोणाला नाही. पाणी, फळं-भाज्या आणि रोजच्या चालण्याच्या फेऱ्या चालूच ठेवायच्या. रोज सकाळी एक पुडी, कशातही मिसळून द्या. चार आठवडे वही नेहमीसारखी लिहा. फरक दिसला तर पुढे, नाही तर बंद. मुख्य सिस्टरने कपाळाला आठ्या घातल्या. इथे तीस वर्षं आपण जंतू मारतोय, आता विकत आणून पाजायचे, असं ती पुटपुटली. पण वही वहीवालीची असेल तर माझं काही म्हणणं नाही, असंही म्हणाली.

वहीवालीने ते काम अंगावर घेतलं. सकाळच्या पुड्या तीच देणार. शिंपीकाकांना ती म्हणाली की ही पुडी चालली तर गुरुवार सुटतील. काकांनी पहिल्यांदा तोंड भिंतीकडून इकडे वळवलं आणि रोज घेईन म्हणाले.

आता इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. त्या घरात सगळं उकळतात. चमचे उकळतात, कवळ्यांच्या वाट्या उकळतात, पुसायची फडकी उकळतात. जंतू हा शब्द कानावर पडला की तिथल्या माणसाचा हात आपोआप गॅसच्या बटणाकडे जातो. त्यात वहीवालीचा स्वतःचा जुना नियम होता की म्हाताऱ्यांना कुठलंही औषध गारढोण घशाखाली घालायचं नाही. डॉक्टरीण जंतू म्हणाली, ते चांगले आहेत असंही म्हणाली, हे वहीवालीने नीट ऐकलं होतं. पण चांगल्या माणसांच्या घोळक्यात एखादा उपटसुंभ शिरतोच, तर काळजी घेतलेली बरी, असा तिने विचार केला. स्वयंपाकघराला सांगून तिने दूध चांगलं खळखळ उकळायला लावलं, चौदा पेल्यांत ओतलं, त्या उकळत्या दुधात पुडी घातली, ढवळली आणि वर बशी झाकून पाच मिनिटं ठेवली. मग निवलं की हातात दिलं. सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या बाईलाही तिने हेच बजावून शिकवलं. चार आठवडे यात एका दिवसाचीही कसूर झाली नाही.

आणि फरकही एका पैचा पडला नाही. स्टेशनमास्तरांची गाडी पूर्वीइतकीच लेट. टायपिस्ट आजींचं पत्र टेबलावरच पडून. शिंपीकाका निष्ठेने पेला रिकामा करत आणि गुरुवारी निमूटपणे कुशीवर वळत. चौथ्या गुरुवारी त्यांनी तिला विचारलं की अजून किती दिवस. वहीवाली रोज रात्री घरी पाय चेपत बसली की सुनेला पुडीचीच गोष्ट सांगायची. सून बिचारी हुं हुं करायची.

चार आठवडे संपले आणि मीटिंगचा दिवस उजाडला. त्या सकाळी घरी सुनेने दह्याच्या भांड्यावरचं झाकण काढलं, तर आत नुसतं पातळ दूध आणि वर साय. सून नोकरीवरून उशिरा येणारी, रात्री घाईघाईत ती गॅसवरून उतरवलेल्या दुधातच विरजण घालून मोकळी झाली होती. वहीवाली डबा भरत होती. डबा भरता भरता तिने तोंडाचा पट्टा सुरू केला. दूध आधी निवू द्यावं, करंगळी बुडवून बघावी, करंगळीला सोसलं तरच विरजण लावावं, एवढंही तुला माझ्या घरात येऊन वर्ष झालं तरी कळू नये.

"अगं, जीव असतो त्यात. उकळत्या दुधात घातलंस तर मरणार नाही तर काय होणार," असं ती म्हणाली, आणि डब्याचं झाकण हातात घेऊन तशीच उभी राहिली.

सुनेला वाटलं, सासूबाई फारच रागावल्या. ती म्हणाली, आई, उद्यापासून नीट करते. वहीवालीला ते ऐकूच आलं नाही.  तीस वर्षं दही लावलं, हजारदा करंगळी बुडवली, दुसऱ्यांच्या सुनांना शहाणपण शिकवलं, आणि चौदा म्हाताऱ्यांच्या पुडीतला जीव रोज सकाळी आपल्या हाताने शिजवून काढला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. डबा ती घरीच विसरली.

तरी एक धुगधुगी होती. पुडीतले जंतू वेगळे असतील, गरम सोसणारे असतील. आश्रमात पोचताच तिने मुख्य सिस्टरकडून पुड्यांच्या खोक्यातलं माहितीपत्रक मागितलं. सिस्टरची शिस्त अशी की खोकं आलं की पुड्या डब्यात, खोकं रद्दीत आणि पत्रक फाइलला. ते कोणी वाचायला मागितल्याचं तिला आठवत नव्हतं. चार पदरी घडी, मुंगीएवढी अक्षरं. वहीवालीने चष्मा वर-खाली करत बोट ठेवून ठेवून वाचलं. सातव्या ओळीत लिहिलं होतं की गरम पेयात किंवा गरम अन्नात मिसळू नये. तिने ती ओळ दोनदा वाचली आणि पत्रक परत घडी घालून दिलं. सिस्टरने विचारलं, काय झालं. ती म्हणाली, काही नाही.

मीटिंग अकराला होती. तोवर चार तास. त्या चार तासांत वहीवालीने चौदा पलंग झटकले, तीन आंघोळी घातल्या आणि मनातल्या मनात स्वतःशी भांडून घेतलं. वहीत खोटं काही नव्हतं. दूध किती गरम, हा रकानाच वहीत नव्हता. कोणी विचारणार नव्हतं. पुडीचा उपयोग झाला नाही असं ठरलं तर पुडी बंद होईल, दुधाचा विषय निघणारच नाही, झाकली मूठ सव्वा लाखाची. बावीस वर्षांचं नाव जसंच्या तसं राहील. आणि बोललं तर? तर बाकीच्या मदतनिसांना वर्षभर पुरेल इतका खुराक. आली मोठी वही घेऊन, असं म्हणायला त्या टपलेल्याच होत्या. यात त्यांची चूकही नाही, वहीवाली त्यांना काही कमी बोलली नव्हती.

पण गुरुवार परवावर आला होता. पुडी बंद म्हणजे शिंपीकाकांना गुरुवार कायमचा. काका अजून उपाशी राहणार आणि वजनाचा काटा अजून खाली जाणार, तोही अशा औषधाच्या नावावर जे त्यांना एक दिवसही मिळालं नव्हतं. साडेदहाला ती त्यांचं पांघरूण सारखं करायला गेली तेव्हा त्यांनी स्वतःच विचारलं, आज ठरणार ना. ती हो म्हणाली आणि वही घेऊन वर गेली.

डॉक्टरणीने आकडे मोठ्याने वाचले. पुडीच्या आधीच्या चार आठवड्यांत चौदा जणांना मिळून एकतीस वेळा जोराचं औषध किंवा एनिमा लागला होता. पुडीच्या चार आठवड्यांत तीस वेळा. ती म्हणाली, प्रामाणिकपणे सांगायचं तर हे काहीच नाही, आपण बंद करू. सिस्टरने मान हलवली आणि परवाच्या एनिमाच्या यादीसाठी कागद पुढे ओढला. बाकीच्या दोघी मदतनीस उठायच्या बेतात होत्या.

वहीवाली बसूनच होती. वही टेबलावर ठेवून ती म्हणाली, 

"डॉक्टर, पुडीत काही खोट नाही. चार आठवडे मी ती उकळत्या दुधात घालून दिली. तुम्ही जंतू म्हणालात, मला वाटलं उकळलेले बरे."

 एका मदतनिसाला हसू आलं आणि तिने ते खोकल्यात घातलं. डॉक्टरणीला राग आला. तो तिने दाबलाही नाही. चार आठवडे, चौदा माणसं, एवढ्या पुड्या, आणि वरच्या ऑफिसकडून मोठ्या मिनतवारीने एकदाच मिळालेली परवानगी. ती म्हणाली, मावशी, निदान एकदा विचारायचं तरी. वहीवाली म्हणाली, विचारायला हवं होतं. दुसरं काही तिच्याकडे नव्हतं, आणि सबब सांगायची तिची रीत नव्हती. डॉक्टरणीने सांगून टाकलं की पुन्हा परवानगी मिळेलच असं नाही. मागून बघते.

वहीवाली खाली आली. टेबलाशी बसली, लाल पेन घेतलं आणि पहिलं पान उघडून आडवं लिहिलं, या चार आठवड्यांत पुडी उकळत्या दुधातून दिली गेली, चूक माझी. खाली सही आणि तारीख. मग दुसरं पान. तेच वाक्य, तीच सही. एका मदतनिसाने विचारलं की एकदाच पुठ्ठ्यावर लिहिलं तर चालणार नाही का. ती म्हणाली, डॉक्टर एकाच माणसाचं पान उघडतात, पुठ्ठा कोण वाचतो. चौदा पानं, चौदा सह्या. 

शेवटचं पान शिंपीकाकांचं होतं. ते लिहून झाल्यावर ती त्यांच्या पलंगाजवळ स्टूल ओढून बसली आणि सगळं सांगितलं. तुमचे चार आठवडे आणि चार गुरुवार माझ्यामुळे गेले, असं स्पष्ट म्हणाली. काकांनी ब्लँकेटच्या काठावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, एकदा एका नवऱ्यामुलाच्या कोटाला त्यांनी डावी बाही उजवीकडे लावली होती. गिऱ्हाईक संध्याकाळी यायचं होतं. उसवली, पुन्हा लावली, इस्त्री मारली.

"गिऱ्हाइकाला सांगितलंत?" वहीवालीने विचारलं.

"नाही. आज पहिल्यांदा सांगतोय, तेही तुम्हाला." काकांनी तिच्याकडे सरळ बघितलं. "तुम्ही तर सगळ्यांसमोर उसवलंत."

तिला एकदम रडू आलं. ते तिने तिथेच, त्यांच्यासमोर रडून घेतलं आणि मग उठून दुपारची पाणी द्यायची फेरी केली.

परवानगी नवव्या दिवशी आली. डॉक्टरणीने अर्जासोबत लाल अक्षरांच्या एका पानाचा फोटो जोडला होता. औषध देण्यात चूक झाली, कशी झाली ते नोंदवलेलं आहे, असं कारण असल्यावर नाही कोण म्हणणार. पुन्हा चार आठवडे सुरू झाले. या खेपेला पुडी साध्या पाण्यात. गार औषध नको हा वहीवालीचा नियम वहीवालीनेच मोडला आणि स्टेशनमास्तरांनी त्याबद्दल तिला पहिल्याच दिवशी बोल लावला. पहिल्या आठवड्यात तर सगळ्या मजल्यावर पोटांची गुरगुर. स्टेशनमास्तर म्हणाले, इंजिन शिट्ट्या मारतंय, पण डबे हलत नाहीत. डॉक्टरणीने सांगितलं होतं की सुरुवातीला थोडा वात धरतो, घाबरू नका. दोघांना मात्र फारच फुगल्यासारखं होऊ लागलं, त्यांची पुडी तिने थांबवली. वहीवालीने तेही लिहिलं, तारीख घालून. पुडीची बाजू घ्यायची म्हणून तिने एकही रेघ इकडची तिकडे केली नाही. उलट आता ती जास्तच कडक झाली होती. दूध पोळलं की ताकही फुंकून पितात ना, तसं ती पाण्याचा पेलासुद्धा हाताच्या मागच्या बाजूला लावून बघत असे.

शिंपीकाकांच्या पानावर सोळा दिवस काही नवीन नव्हतं. गुरुवार दोन आले, दोन्ही झाले. वहीवालीला वाटायला लागलं होतं की ज्यांना लागू पडत नाही त्यांच्यापैकीच काका असणार. ती त्यांना रोज दुपारी कॉरिडॉरमध्ये फिरवून आणायची, पाणी जबरदस्तीने प्यायला लावायची. सतराव्या सकाळी सव्वासातला त्यांची बेल वाजली. ती गेली, तर काका काठी धरून पलंगाच्या कडेला बसले होते. तिने न्हाणीघराच्या दारापर्यंत हात दिला. पुढे ते एकटे गेले. ती दाराबाहेर पाठ करून उभी राहिली. इतका वेळ ती आयुष्यात कोणासाठी उभी राहिली नसेल. काका बाहेर आले ते शर्टाचं वरचं बटण लावत लावत. त्या दुपारी त्यांनी बटाटे संपवले. आठवड्याभरात रात्रीचं सूपही परत जायचं थांबलं. पुढच्या गुरुवारी आणि त्याच्या पुढच्या, यादीत त्यांचं नाव नव्हतं.

चार आठवडे संपल्यावर पुन्हा अकराची मीटिंग झाली. डॉक्टरणीने आकडा वाचला. सतरा. आधी एकतीस, मग तीस, आणि आता सतरा. नऊ जणांना चांगला फरक, तिघांना काही नाही, दोघांची बंद केलेली. ती म्हणाली, एवढ्या थोड्या माणसांवरून मोठं काही बोलता येणार नाही, पण आपल्या मजल्यापुरतं चालू ठेवायला हे पुरेसं आहे. वरचं ऑफिस आता इतर मजल्यांनाही कळवणार होतं आणि त्यांनी वहीच्या पानांच्या प्रती मागवल्या होत्या.  आता डॉक्टरणीच्या मनात वहीवालीबद्दल राग उरला नव्हता. ती म्हणाली की दुसऱ्या चार आठवड्यांचीच पानं पाठवू, लाल अक्षरांची राहू देत. त्या पानांखाली तुमची सही आहे, उगाच तुमचं नाव सगळ्या मजल्यांवर का जावं.

सिस्टरनेही मान डोलावली. तिला वाटलं, मावशी आता सुटकेचा श्वास सोडेल.

वहीवालीने वही आपल्याकडे ओढून घेतली.

"लाल पानं आधी पाठवा," ती म्हणाली. "बाकीच्या मजल्यांवर काय माझ्यापेक्षा शहाण्या बायका आहेत? त्याही उकळतंच घालणार. सतराचा आकडा वाचून कोणी दूध गार करणार नाही. माझी सही वाचून करतील."

 डॉक्टरणीने प्रतींच्या गठ्ठ्यात लाल पानं वर ठेवली. तेवढ्यात सिस्टरने हात पुढे केला, वहीवालीच्या खिशातलं लाल पेन काढून घेतलं आणि सगळ्यात वरच्या पानावर, चूक माझी याच्या खाली लिहिलं की माहितीपत्रक मी फाइलला लावलं, कोणाला वाचायला दिलं नाही. तीस वर्षं जिने कोणाची चूक सोडली नव्हती आणि स्वतःची कधी दाखवली नव्हती, तिने खाली सही केली. पेन तिने डॉक्टरणीकडे सरकवलं. डॉक्टरणीने आपल्या त्या भरभर अक्षरात लिहिलं, गरम नको हे मी सांगितलं नाही. तिनेही सही केली.

वहीवालीने तो कागद हातात घेतला. आपल्या सहीखाली दोन सह्या, एक सिस्टरची, एक डॉक्टरांची.  तिने चष्मा नाकावर नीट बसवला, कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि परत टेबलावर ठेवला.

"सिस्टर," ती म्हणाली, "तारीख राहिली."